तीन वर्षं नेमकी कुठून मोजायची?

पत्र थोडक्यात (नाव-गाव ओळखू येईल असं सगळं गाळलंय):

वय तेहतीस, माहेर सांगलीकडचं, सासर पुण्याचं, सध्या न्यूजर्सीत आयटीत नोकरी. डिसेंबर २०२१ मध्ये लग्न झालं तेव्हा ती एच-वनवर (नोकरीच्या व्हिसावर) होती आणि नवरा ग्रीनकार्डवर. तिचं ग्रीनकार्ड मार्च २०२३ मध्ये आलं, ते दोन वर्षांचं कंडिशनल, म्हणजे सशर्त. नवरा ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकन सिटिझन झाला. २०२४ मध्ये आईच्या आजारपणात ती साडेपाच महिने सांगलीला होती. २०२५ च्या सुरुवातीला दोघांनी मिळून आय-७५१ (ती अट काढून टाकायचा अर्ज) भरला, तो अजून पेंडिंग आहे. या जानेवारीत नवऱ्याने डॅलसला नोकरी घेतली, ती न्यूजर्सीतच राहिली. आता दीड-दोन महिन्यांतून एकदा भेट होते आणि भेटीतही धड बोलणं होत नाही. सासूबाई म्हणतात लग्नाला तीन वर्षं कधीच झाली, सिटिझनशिपचा अर्ज का करत नाहीस. वडील म्हणतात सिटिझनशिप हातात येईपर्यंत गप्प बस, मग काय ते ठरव. नवरा एकदा भांडणात म्हणाला की मी एक पत्र लिहिलं की तुझं कार्ड गेलं. तिचे प्रश्न: अर्ज कधी करता येतो, तोपर्यंत सगळं ठीक आहे असं दाखवत राहू का, तो म्हणतो ते खरं आहे का, भारतीय पासपोर्ट सोडला तर बाबांच्या शेतातला हिस्सा जाईल का, आणि दिवाळीला घरी जाऊन येऊ का.

अगं, तू तारखा इतक्या नीट लिहून पाठवल्यास की माझं अर्धं काम तिथेच झालं, नाहीतर बहुतेक पत्रांत "लग्नाला बरीच वर्षं झाली, आता मिळेल ना?" एवढंच असतं आणि मग एकेक तारीख काढून घेण्यात आठवडा जातो. मी वकील नाही हे सदर वाचणाऱ्यांना माहितीच आहे, तरी परत लिहिते कारण तुझ्या केसमध्ये एका ठिकाणी वकील लागणारच आहे, ते पुढे येईल.

आधी सासूबाईंचं म्हणणं घेऊ. हे त्यांचं एकटीचं मत नाही बरं का, इथल्या कुठल्याही मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या लायनीत उभी राहा, कोणीतरी काका "लग्नाला तीन वर्षं झाली की झालं" असं छातीठोक सांगत असतातच. लग्नाला तीन वर्षं हवीत हे बरोबर आहे पण तेवढ्याने काहीच होत नाही. सिटिझनच्या जोडीदारासाठी तीन वर्षांचा जो नियम आहे त्यात अर्ज करायच्या दिवशी तीन गोष्टी बघतात: तू ग्रीनकार्डवर किती काळ आहेस, या नवऱ्याबरोबर एकत्र संसार किती काळ चाललाय, आणि नवरा स्वतः किती काळ सिटिझन आहे. तिन्हीला तीन-तीन वर्षं लागतात आणि जी सगळ्यात उशिरा पूर्ण होते ती तुझी तारीख. ही तिसरी गोष्ट आपल्याकडच्या जोडप्यांत हमखास विसरली जाते, कारण आपल्याकडे नवरा किंवा बायको बऱ्याचदा ग्रीनकार्डवर असतानाच लग्न होतं आणि सिटिझनशिप नंतर येते.

तुझं कार्ड हातात घे आणि पुढच्या बाजूला खाली बघ, दोन तारखा दिसतील. एक कार्ड कधी संपतं त्याची, ती तुझी मार्च २०२५ मध्येच उलटून गेलीय. दुसरी "रेसिडेंट सिन्स", आपल्याला हवी ती ही. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत कार्ड मिळालं म्हणून ते कंडिशनल होतं, पण त्या कंडिशनल काळातला एकही दिवस वाया जात नाही, सगळा धरतात. एच-वनवरची वर्षं मात्र शून्य, कितीही टॅक्स भरला असला तरी. म्हणजे कार्डाच्या हिशोबाने तुझी तीन वर्षं मार्च २०२६ मध्ये झाली. आता नवऱ्याचं नॅचरलायझेशन सर्टिफिकेट काढ, त्यावर शपथ घेतल्याची तारीख असते, ती ऑगस्ट २०२३ ची. तिथून तीन वर्षं म्हणजे ऑगस्ट २०२६. त्याच्या आत तू तीन वर्षांच्या नियमाखाली अर्ज केलास तर तो नामंजूर होणार आणि फी पण गेली. फी ऑनलाइनला ७१० डॉलर आहे, कागदावर ७६०, उत्पन्न एका मर्यादेच्या आत असेल तर ३८०.

आणि ते नव्वद दिवस आधी अर्ज करता येतो म्हणतात ना, ते खरं आहे, पण ती सूट फक्त ग्रीनकार्डवरच्या मुदतीला आहे. एकत्र संसाराची आणि नवऱ्याच्या सिटिझनशिपची तीन वर्षं अर्जाच्या दिवशी पूर्ण झालेलीच लागतात. तेव्हा मे महिन्यात घाई करायचा विचार असेल तर सोड.

सांगलीच्या साडेपाच महिन्यांची काळजी तू पत्रात तीनदा केलीयस, ती उगाच आहे. सहा महिन्यांच्या आतली ट्रिप सलग वास्तव्य मोडत नाही. सहा महिन्यांच्या वर गेली असतीस तर वास्तव्य तुटलं असं इमिग्रेशनवाले गृहीत धरतात आणि तुटलं नाही हे आपल्याला दाखवावं लागतं, घर चालू होतं, नोकरी चालू होती, टॅक्स इथेच भरला वगैरे. वर्ष किंवा जास्त बाहेर राहिलं तर मात्र तुटतंच, आणि मग तीन वर्षांच्या नियमात परत आल्यापासून दोन वर्षं एक दिवस थांबावं लागतं, पाच वर्षांच्या नियमात (तो पुढे सांगते) चार वर्षं एक दिवस. री-एन्ट्री परमिट काढून गेलो म्हणजे हे मोजमाप थांबतं असं बरेच जण समजतात, तसं नाही, त्या परमिटने परत येता येतं, सिटिझनशिपचं वास्तव्य वाचत नाही. (आईवडिलांना ग्रीनकार्डवर आणून वर्षाचे आठ महिने गावी ठेवणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचा.) शिवाय तीन वर्षांत किमान अठरा महिने प्रत्यक्ष इथे असायला हवं, पाच वर्षांच्या नियमात तीस महिने. जायचा आणि यायचा दिवस इथलाच धरतात. तू यात कुठेच अडकत नाहीस.

आता मूळ मुद्द्यावर येते. तुझ्या पत्रात, वडिलांच्या सल्ल्यात, अगदी नवऱ्याच्या त्या धमकीत सुद्धा एक गोष्ट सगळ्यांनी धरून चाललीय की सिटिझनशिपचा रस्ता या लग्नातूनच जातो, लग्न गेलं की रस्ता गेला. हेच तपासून बघ म्हणते मी.

पाच वर्षांचा नियम म्हणून एक साधा नियम आहे, तो सगळ्या ग्रीनकार्डवाल्यांना आहे. त्यात नवरा कोण, कुठे राहतो, आहे का नाही, काही बघत नाहीत, म्हणजे अर्जात विचारतात पण पात्रता त्यावर ठरत नाही. तुझी पाच वर्षं मार्च २०२८ मध्ये होतात आणि इथे नव्वद दिवसांची सूट पूर्ण लागू पडते, म्हणजे डिसेंबर २०२७ मध्ये तू स्वतःच्या जोरावर अर्ज करू शकतेस. ऑगस्ट २०२६ आणि डिसेंबर २०२७. मधे सोळा महिने. घरातले सगळे ज्याच्यासाठी तुला गप्प बसायला सांगतायत तो फायदा एवढाच आहे, सोळा महिने लवकर. तीन वर्षांचा नियम म्हणजे नवऱ्याच्या पासवर मिळालेली सवलत आहे, वापरता आली तर वापर, पण त्यासाठी घरात काय चाललंय ते लपवत बसायचं का हा प्रश्न सोळा महिन्यांकडे बघून सोडव, "आयुष्यभराची सिटिझनशिप" असं मनात धरून नको.

सोळा महिने काहीच नाहीत असं मी म्हणत नाही. आईवडिलांना इमिजिएट रिलेटिव्ह म्हणून आणायचं असेल तर ते फक्त सिटिझनला करता येतं, ग्रीनकार्डवरून आईवडिलांसाठी पिटिशनच करता येत नाही. तुझ्या आईची तब्येत बघता हा विचार तुझ्या मनात असणार, पत्रात लिहिला नाहीस तरी. पण आईला सांगलीतून उठून न्यूजर्सीतल्या एडिसनच्या अपार्टमेंटमध्ये यायचंय का हे कोणी तिला विचारलंय का? नसेल तर आधी ते विचार, कारण त्या उत्तरावर तुझी ही घाई खरी किती आणि ऐकीव किती ते ठरेल.

आता "एकत्र आहोत असं दाखवत राहू का". यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्यात तुझ्याकडून. नोकरीसाठी वेगळ्या शहरात राहणं म्हणजे संसार मोडला असं कायदा म्हणत नाही. मिलिटरीची ड्युटी, किंवा कामधंद्याची गरज, अशा हातात नसलेल्या कारणाने जोडपं वेगळं राहत असेल तर ते लांबलं तरी अडत नाही असं नियमातच लिहिलंय. कोर्टातून लीगल सेपरेशन झालं असेल तर मात्र तिथे संपलं. आणि या दोन्हीच्या मधे जे आहे, म्हणजे कागदावर काही नाही पण दोघं मनाने वेगळे झालेत, ते केस-बाय-केस ऑफिसर बघतो. तू नेमकी इथे उभी आहेस आणि तू कुठल्या बाजूला आहेस ते मला पत्रावरून कळत नाही. तुला स्वतःला तरी कळलंय का? डॅलसची नोकरी ही नोकरी होती का घरातून बाहेर पडायची वाट होती? तो गेला तेव्हा तू का गेली नाहीस, तुझी कंपनी रिमोट देत नव्हती म्हणून, का जावंसंच वाटलं नाही म्हणून? मला कळवायची गरज नाही, पण हाच प्रश्न इंटरव्ह्यूत टेबलापलीकडचा माणूस शपथेवर विचारणार आहे, फक्त साध्या शब्दांत: "नवरा कुठे राहतो? किती दिवस? का?"

एन-४००, म्हणजे सिटिझनशिपचा अर्ज, उघडलास की अगदी सुरुवातीलाच विचारतात की अर्ज कशाच्या आधारावर करताय, त्यात पाच वर्षं जनरल हा एक चौकोन आणि सिटिझनचा जोडीदार हा दुसरा. दुसऱ्या चौकोनावर टिक केलीस की पुढचा संसाराचा सगळा भाग उघडतो आणि शेवटी सही पर्ज्युरीच्या, म्हणजे शपथेवर खोटं बोलण्याच्या, शिक्षेखाली. तिथे नवऱ्याचा पत्ता न्यूजर्सीचाच लिहिलास आणि त्याचा टेक्ससचा ड्रायव्हिंग लायसन्स, टेक्ससची लीज, डॅलसच्या एम्प्लॉयरचा डब्ल्यू-टू (पगाराचा टॅक्सचा कागद) असं सगळं दुसरंच सांगत असलं तर ते फक्त नामंजूर होऊन थांबत नाही. इमिग्रेशनच्या फायद्यासाठी शपथेवर खोटं बोललं की चांगल्या वर्तणुकीची अट तिथेच मोडते, मग पाच वर्षांचा तुझा स्वतःचा रस्ता पण अडतो, आणि खोट्यावर मिळालेली सिटिझनशिप नंतर काढूनही घेता येते. वडिलांना हे सांग. ते तुझ्या काळजीने बोलतायत, पण जी एक गोष्ट तुझं खरंच नुकसान करेल तीच ते करायला सांगतायत, हे त्यांना माहीत नसणार.

नवऱ्याच्या पत्राने कार्ड जातं का? नाही जात. तुझं स्टेटस त्याच्या हातात नाही, यूएससीआयएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या, हातात आहे, आणि ते काढायचं तर त्याची प्रोसेस आहे, शेवटी इमिग्रेशन जजसमोर आपली बाजू मांडता येते. तो एवढंच करू शकतो की जॉइंट आय-७५१ मधून आपला सपोर्ट काढून घ्यायचा. ते झालं, किंवा घटस्फोट झाला, तर तुला तोच अर्ज वेव्हरमध्ये बदलून मागावा लागतो, म्हणजे "लग्न खऱ्या मनाने केलं होतं, टिकलं नाही" असं म्हणून एकटीने पुढे जायचं. यासाठी घटस्फोटाची फायनल डिक्री (कोर्टाचा अंतिम हुकूम) लागते, केस नुसती फाइल झालेली चालत नाही, मधल्या काळात ते कागद मागणारी नोटीस पाठवतात. आणि लग्न खरं होतं हे दाखवायचं ओझं तुझ्यावर. लग्न टिकलं का नाही हे तिथे विचारत नाहीत, खरं होतं का ते विचारतात, यात खूप फरक आहे आणि इथे बायका उगाच लाजतात.

अजून एक, त्याने तुझ्यासाठी आय-८६४ वर सही केलीय, ॲफिडेव्हिट ऑफ सपोर्ट, म्हणजे तुला आर्थिक आधार द्यायची लेखी हमी, ती जबाबदारी घटस्फोटाने संपत नाही. तू सिटिझन झालीस, किंवा चाळीस क्वार्टरचं (साधारण दहा वर्षांचं) काम धरलं गेलं, किंवा देश कायमचा सोडलास, असं काही झालं की संपते. हे मी तुला त्याच्यावर उलटवायला सांगत नाहीये, फक्त भांडणात कोण कुणाच्या हातात किती आहे याचा अंदाज बरोबर असावा म्हणून.

(इथे थांबून एक वेगळं लिहिते, तुझ्यासाठी नसेल कदाचित. कार्डाची धमकी रोजची असेल, पैसे काढून घेतले जात असतील, हात उचलला जात असेल, तर नियमच वेगळे आहेत. छळ झालाय म्हणून आय-७५१ चा वेव्हर घटस्फोट न होताही मागता येतो, आणि सिटिझन नवऱ्याच्या छळाच्या आधारावर ग्रीनकार्ड मिळालं असेल तर तीन वर्षांच्या नियमात एकत्र राहण्याची अट लागत नाही. पुरुषांनाही हे लागू आहे. न्यूजर्सीत मानवी ही संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करते, देशभराची डोमेस्टिक व्हायोलन्स हॉटलाइन आहे १-८००-७९९-७२३३, दुभाषा मागता येतो.)

तुझ्यासमोर काय काय आहे ते आता बघू. तुम्ही दोघं अजून नवरा-बायको आहात, अंतर खरंच नोकरीचं आहे आणि भांडणं ही भांडणं आहेत, असं तू मनापासून म्हणू शकत असशील तर ऑगस्टमध्ये त्या तारखेनंतर आठवडाभर जाऊ दे आणि सिटिझनचा जोडीदार म्हणून अर्ज कर, पत्ते दोन आहेत ते दोन म्हणूनच लिही. त्याचं ऑफर लेटर, विमानाची तिकिटं, जॉइंट अकाउंट, इन्शुरन्स, दोघांच्या नावावर काय काय आहे ते सगळं जोड. आय-७५१ पेंडिंग असताना एन-४०० भरता येतो, फक्त आधी किंवा बरोबरच आय-७५१ चा निकाल लागावा लागतो, बऱ्याचदा एकाच इंटरव्ह्यूत दोन्ही घेतात आणि मग नवऱ्याला पण यावं लागू शकतं. तो येईल का? शिवाय शपथ घेईपर्यंत लग्न कायद्याने टिकलेलं हवं, मधेच घटस्फोट झाला तर तीन वर्षांच्या नियमावरचा अर्ज तिथेच पडतो.

दोघं परत एकत्र राहायचं ठरवून तूच डॅलसला गेलीस तर एक बारीक अट लक्षात ठेव, ज्या राज्यातून अर्ज करायचा तिथे आधी तीन महिने राहिलेलं असावं लागतं. जुलैत गेलीस तर ऑक्टोबर. आणि पत्ता बदलला की दहा दिवसांत एआर-११ भरायचा, ऑनलाइन होतो, पाच मिनिटांचं काम आहे आणि लोक तेच विसरतात.

दुसरी शक्यता, संसार संपलाय आणि दोघांनाही ते माहितीय, फक्त बोलत नाही. मग ऑगस्ट विसर. इथे तुला वकील लागेल, आणि फॅमिली कोर्टवाल्याच्याही आधी इमिग्रेशनवाला, कारण आय-७५१ पेंडिंग असताना कुठला कागद कधी पाठवायचा याला महत्त्व आहे. न्यूजर्सीत मतभेदांच्या कारणावर, कोणाची चूक न दाखवता घटस्फोट मागता येतो, सहा महिने पटत नाहीये एवढं सांगावं लागतं. डिक्री आली की वेव्हर, वेव्हर मंजूर झाला की कार्ड दहा वर्षांचं, आणि डिसेंबर २०२७ मध्ये जनरलच्या चौकोनावर टिक. रेसिडेंट सिन्सची तारीख तीच राहते, परत शून्यापासून मोजत नाहीत.

तिसरं, तुला अजून माहीतच नाही. पत्र वाचून मला वाटतं तू इथेच आहेस. मग सिटिझनशिपच्या बाबतीत काहीच करू नकोस. अमुक तारखेच्या आत अर्ज केला नाही तर हक्क गेला असं काही नसतं, तीन वर्षं झालेला माणूस दहा वर्षांनी पण अर्ज करतो. मला विचारशील तर मी तुला हाच सल्ला देईन: ऑगस्ट जाऊ दे, तेवढ्या वेळात नवऱ्याशी एकदा सिटिझनशिप, कार्ड, दोघांच्या आया यातलं काही न काढता बोल, हवं तर काउन्सेलरकडे बसून बोल, आणि ते होईपर्यंत एन-४०० ला हात लावू नकोस. कारण अर्ज टाकला की तुला वाटो न वाटो तू या लग्नाबद्दल एक बाजू घेतेस, लेखी.

पण थांबायचं म्हणजे हातावर हात धरून बसायचं नाही. कागद आत्ता गोळा कर, शनिवार-रविवारात होईल. जॉइंट अकाउंटची स्टेटमेंट पहिल्यापासूनची डाउनलोड करून ठेव, कारण अकाउंट एकदा बंद झालं की लॉगिन जातं आणि मग बँकेला फोन करत बसावं लागतं. लीज, दोघांच्या नावाची बिलं, इन्शुरन्समध्ये बेनिफिशरी कोण, लग्नाचे फोटो, त्यातही नुसते स्टेजवरचे नकोत, दोन्हीकडचे नातेवाईक असलेले, नंतरच्या दिवाळीचे, ट्रिपचे. आयआरएसचे (इथल्या टॅक्स खात्याचे) टॅक्स ट्रान्सक्रिप्ट फुकट मिळतात, तेही काढ. नवरा म्हणतोय यंदा रिटर्न वेगळं भरू, तर मॅरीड फायलिंग सेपरेटली हा कायदेशीर पर्याय आहे, त्याने केस मरत नाही, पण लग्न चालू असताना सिंगल म्हणून भरू नकोस, ते खोटं ठरतं आणि इंटरव्ह्यूत बरोबर तेच पान पुढे येतं. हे सगळं तुझ्या स्वतःच्या ईमेलवर किंवा ड्राइव्हवर ठेव, फॅमिली प्लॅनच्या सामायिक अकाउंटवर नको.

सिटिझनशिपच्या परीक्षेचं तू विचारलं नाहीस, तरी इतरांसाठी दोन ओळी: २० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या अर्जांना नवीन टेस्ट आहे, १२८ प्रश्नांची यादी, त्यातले वीसपर्यंत विचारतात, बारा बरोबर आले की पास. यूट्यूबवरचे जुने शंभर प्रश्न पाठ करून जाऊ नका.

आणि याच पानावर येणाऱ्या इतर पत्रांतल्या दोन गोष्टी इथेच उरकते. नोकरीवर ग्रीनकार्ड मिळालंय आणि नवरा किंवा बायको सिटिझन आहे, अशांनाही तीन वर्षांचा नियम लागू होतो, कार्ड लग्नावरूनच मिळालेलं असायला हवं असं नाही, फक्त वरच्या तिन्ही गोष्टी जुळायला हव्यात. कितीतरी जण हे माहीत नसल्यामुळे पाच वर्षं थांबतात. दुसरं, सिटिझन जोडीदाराचं निधन झालं तर तीन वर्षांची सवलत संपते पण कार्ड संपत नाही, पाच वर्षांवर अर्ज करता येतो.

आता शेत. अमेरिकेची शपथ घेतलीस की त्या क्षणी भारताचं नागरिकत्व आपोआप संपतं, १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे, आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. मग भारतीय पासपोर्ट सरेंडर करायचा, त्यावर परत प्रवास करायचा नाही, आणि ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांचं कार्ड) काढायचं. ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही हे खरं, पण ती तुला आजही विकत घेता येत नाही, कारण एनआरआयलाही फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली शेतजमीन, फार्महाऊस, मळा घ्यायला बंदी आहे. वारशाने आलेली मात्र दोघांनाही चालते. तेव्हा बाबांच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून तुझं नाव लागायला अमेरिकन पासपोर्ट आड येत नाही. "तू आता तिकडची झालीस, हक्कसोडपत्रावर सही करून टाक" असं कोणी म्हणालं तर तो घरातला विषय आहे, कायद्याचा नाही, आणि सही करायची का नाही ते तुझं तू ठरव. सिटिझन झाल्यावर मतदान मात्र तिकडे करता येणार नाही, ते जातं.

राहिली दिवाळी. जा की. आय-७५१ ची जी रिसीट नोटीस आलीय तिने तुझं संपलेलं कार्ड ४८ महिन्यांसाठी वाढलंय, मूळ कार्ड आणि ती नोटीस ओरिजिनल, दोन्ही हँडबॅगेत ठेव, मुंबईच्या चेक-इन काउंटरवर मुलगी कार्डवरची तारीख बघून थबकेल तेव्हा नोटीस पुढे करायची आणि सुपरवायझरला बोलवा म्हणायचं. जायच्या आधी बघून घे की टपाल कोणाच्या पत्त्यावर येतंय, कारण नेमकी तेव्हाच नोटीस आली आणि डॅलसच्या किंवा रिकाम्या घराच्या पेटीत पडून राहिली तर उत्तराची मुदत निघून जाते, यूएससीआयएसचं ऑनलाइन अकाउंट काढून त्यात केस जोडून ठेव म्हणजे तिकडूनही दिसेल. आणि वकिलाची पहिली भेट तिकीट बुक करायच्या आधीची घे, तो तारखा बघून काही वेगळं म्हणाला तर माझ्यापेक्षा त्याचं ऐक.